बूट काढ

आमच्या शहरातल्या लालबाग मैदानावर रविवारी सकाळी फुटबॉल प्रशिक्षकांनी आपल्या सर्वांत नावाजलेल्या शिष्याच्या हातात मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची पाटी दिली. शिष्य आता व्यावसायिक खेळाडू आहे.

प्रशिक्षकांना मी या मैदानावर गेली बारा वर्षे रोज पाहतो आहे. ते शिट्टी वापरत नाहीत, टाळी वाजवतात. संतापले की त्यांचा आवाज खाली जातो. त्यांचा नियम एकच: जो खेळत नाही, त्याने बूट काढून मैदान आखायचे.

शिष्याला दोन क्लबांनी बोलावले होते. छोट्या गावातला क्लब त्याला प्रत्येक सामन्यात उतरवणार होता. त्याने दूरचे, समुद्रकाठचे महानगर निवडले आणि अख्खा हंगाम राखीव बाकावर काढला.

"सर, तिथं लाइफ आहे ना. बीच, मॉल, कॅफे. छोट्या गावात शाम को करायचं काय?"

"झोपायचं. सकाळी खेळायचं असते." आवाज खाली गेला होता. "तू तिथं खेळायला गेला की राहायला? किती मॅच खेळला?"

"एक बी नाही."

"मग बूट काढ."

शिष्य हसला. सामन्यासाठी जमलेली बाकी मुले हसली नाहीत. प्रशिक्षकांनी रेघेसाठी केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी ताणून धरली.

त्याने बूट काढले. पहिली रेघ वाकडी गेली. प्रशिक्षकांनी ती पायाने पुसली. दुसरी सरळ आली. सामना साडेआठला त्याच्याविना सुरू झाला.