तेवीस फाइलींची नवी नावं

रविवार, सकाळी दहा, रेणापूर. हजर: मी, मुलगी, तिचा लॅपटॉप. आमचे हे वर्तमानपत्र घेऊन अंगणात, म्हणजे गैरहजरच.

मुलगी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे. मंगळवारी गणित-दोनचा पेपर, तोही दुसऱ्यांदा. आता राहिला तर वर्ष जाणार.

तिच्या नोट्स वहीत नसतात. टेक्स्ट एडिटरमध्ये एका मुद्द्याची एक फाइल, आणि एकीत दुसरीचं नाव दाबलं की दुसरी उघडते. हे मला नंतर कळलं. आधी दिसली ती यादी: 'देवा सोडव', 'हे येणारच', 'हे खरंच येणार'. वीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेल्या बाईला असली यादी बघवत नाही. मुलगी डोक्यावरून न्हायला गेली. प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत विषय होताच. मी तेविसांनाही क्रमांक आणि विषय देऊन मोकळी झाले. जुनं नाव, नवं नाव डायरीत उतरवलं. त्याशिवाय मी फाइलीला हात लावत नाही.

ती केस पुसत आली. एक नाव दाबलं, दुसरं दाबलं.

"मम्मी, काय करून ठेवलंस?"

"लावून दिल्या. आता सापडतील."

"एक उघडून नाही राहिली! सगळ्या नावानं जोडल्या होत्या!"

"मग 'देवा सोडव' हा काय विषय आहे?"

"माझा तोच विषय हाय!"

अंगणातून ह्यांनी चहाचं विचारलं.

मी डायरी काढली. मी वाचायची, ती नाव बदलायची. "अनुक्रमांक चार. आताचं नाव आंशिक अवकलन. मूळ नाव माकडउड्या." जेवणाआधी तेवीस पूर्ण. तिनं फाइलींतलं एकेक नाव दाबून तपासलं. एकच उघडेना: 'ट्रिपल इंटिग्रल, एकदम सोपं करून'.

"ही तू उडवलीस."

"डायरीत अशी नोंदच न्हाई."

"त्याच्यावर दरवर्षी प्रश्न असतो, मम्मी!"

"असंल. तेवीस होत्या, तेवीस आहेत. मोज."

तिनं डायरीवरून बोट खालपर्यंत नेलं. मग हळूच म्हणाली, "ही मी लिहिलीच नव्हती. दुसऱ्या फाइलीत नुसतं नाव टाकलं होतं. नंतर लिहू म्हणून."

चारच्या गाडीनं ती गेली. मी चोविसावी ओळ आखली. मूळ नाव लिहिलं. शेरा: लिहिणे बाकी.

आज सोमवारी सकाळी फोन केला. "लिहून राहिले," म्हणाली. दुपारी पुन्हा केला, तेव्हाही लिहूनच राहिली होती. शेरा तसाच ठेवला आहे.