पाय वाजता कामा नये

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या मुलींकडून कसरत करून घेणारे कदमसर सामन्यात चेंडूकडे बघतच नाहीत. काल त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा हे कळलं. त्यांची नजर मुलींच्या गुडघ्यांवर.

गेल्या वर्षी उडी मारून खाली येताना श्रुतीचा गुडघा गेला. बरी झाल्यावर रोज सकाळी सर तिला वीतभर उंचीच्या लाकडी ठोकळ्यावरून उतरायला लावत. उतरताना जरा धप्प आवाज झाला, की "पाय वाजला. परत," एवढंच म्हणत. कित्येक महिने तोच ठोकळा, तीच उडी. मला तर बघूनच कंटाळा यायचा.

काल शेवटच्या मिनिटाला श्रुती उंच उडाली, चेंडू जाळीतून गेला, सगळे ओरडत उभे राहिले. सर बसूनच.

"सर, जिंकलो आपण!"

"नीट उतरली," ते पुटपुटले. "पाय वाजला नाही."

एवढ्या कल्लोळात यांनी ते ऐकलं कसं? उंच उडणाऱ्याकडे सगळं गाव बघतं. तो खाली नीट यावा, एवढ्याच काळजीत एखादा माणूस अख्खी नोकरी काढतो.

भारावून मी पायऱ्या उतरू लागलो. मागून सर म्हणाले, "जोशीसर, हळू. पाय वाजतोय तुमचा."