ओवाळलेला लाडू

बाईंनी लाडू आधी आपल्या पोराभोवती फिरवला. तीनदा. "इडापिडा टळो," म्हणाल्या. मग तोच माझ्या तोंडापुढे धरला. "घे गं बाळ."

मी दहा वर्षांची. जन्मापासून हात थरथरणारे, बोलणं अडखळणारं. चिकलठाण्याला अपंग मुलांच्या वसतिगृहात राहायचे. बाई म्हणजे आम्हाला धान्य देणाऱ्या पाटलांच्या सूनबाई. त्यांचं पोरगं दुखण्यातून उठलेलं, म्हणून हा दानधर्म.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. आमच्या वस्तीवर असला उतारा तिवाट्यावर टाकतात. त्याला शिवायचं नाही, ओलांडायचं नाही, हे मला चालता येण्याआधी आईनं शिकवलेलं. इथं तिवाटा मीच होते. संताप आला. अजून येतो.

हेडमास्तर कानाशी वाकले. "सबुरी ठेव. सुफी संतांची भूमी आहे आपली. खा, आणि थँक्यू म्हण."

सबुरी! ती मला चाचीनं शिकवली होती. चाची आमची आया, खुलताबादची. माझ्या फ्रॉकचं बटण लावून द्यायची नाही. नुसती समोर बसून राहायची. "रोना है तो रो ले. बटन तेरेकूच लगाना. सब्र कर." रडून झालं की बटण लागायचं. गुरुवारी दर्ग्यात लंगरला न्यायची. सगळे एका रांगेत. जेवला त्यानं उठून वाढायचं, मीसुद्धा. डाळ लोकांच्या मांडीवर सांडायची. 'बिचारी' कोणी म्हटलं नाही.

मी लाडू घेतला. त्या पोरापुढे धरला. "आधी तू खा." शब्द फुटायला वेळ लागला, पण फुटले. पोरगं भाबडं. त्यानं तोंड उघडलं. बाईंनी त्याला असं हिसडलं की ते पडलंच.

"अगं, तो त्याच्यासाठी नाही!"

"मग मलाबी नाय."

लाडू त्यांच्या चपलेपाशी ठेवला. त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही. चाची एवढंच म्हणाली, "जा, हाथ धो ले." नळ मीच उघडला.

आज मी अशाच मुलांना शिकवते. साहेब लोक भाषण ठोकतात, यांना सुफींची सहनशीलता शिकवा. तुमची सहनशीलता तुमच्या घरी ठेवा. मी बटण लावायला शिकवते. रडू देते. 'नाय' म्हणायला शिकवते.

लाडूवाल्यांच्या गाड्या अजून येतात. फाटकात मी उभी असते. आत यायचं तर रांगेत बसायचं, आमच्या पोरांच्या हातचं जेवायचं, मग उठून त्यांना वाढायचं. डाळ अंगावर सांडेल. जमत नसेल तर आल्या वाटेनं चालू लागा.