तात्यांचे शुक्रवार

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास अन्वरचा फोन आला. अन्वर हा आमच्या कंपनीच्या रेल्वेगाडीचा ड्रायव्हर, मलबारचा. "साब, तात्या उठ नहीं रहे," एवढंच तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजामागे इंजिनची घरघर ऐकू आली. तीच घरघर माझ्या खिडकीतूनही येत होती, सकाळपासून येत होती. चहा घेताना मी ती ऐकली होती आणि निवांत मनाने म्हटलं होतं, तात्या आहेत शेडमध्ये. डॉक्टर म्हणाले, सकाळी आठ-नऊलाच गेले असणार. म्हणजे ज्या आवाजाच्या भरवशावर मी दिवसभर लोळत होतो, त्या आवाजाशेजारी तात्या खुर्चीत मरून पडले होते... पाच आठवडे झाले याला. आठवणींचा गोडवा वाटायला मी बसलेलो नाही. राग आलाय म्हणून लिहितोय.

तात्या बार्शीकडचे. तिकडच्या छोट्या लाइनच्या शेडमध्ये फिटर म्हणून लागले, ती लाइन गुंडाळायला आली तेव्हा इकडे आले. इथे सौदीत, हुफूफ शहराच्या बाहेर, कामगारांच्या कॅम्पपासून आमच्या प्लांटपर्यंत एक फाट्याची लाइन आहे. तिच्यावर दोन डब्यांची डिझेल पॅसेंजर, तीही सेकंडहँड, थेट स्कॉटलंडची. तिथल्या कुठल्याशा फाट्यावरची लाइन बंद पडत आली म्हणून विकायला काढलेली, ती इथल्या वाळूत येऊन पडली. सीटांना लोकरीसारखं जाडजूड कापड आणि प्रत्येकाच्या पायाशी हीटर! आपल्याकडचा कुणी नवीन गडी कॅम्पात आला की तात्या त्याला मुद्दाम हीटरजवळ बसवायचे आणि गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "थंडी वाजली तर सांगा हां, लाजू नका." बाहेर ऊन असं की दाराची कडी हाताला चटका देई. गाडीला ते म्हातारी म्हणत. मला एकदा म्हणाले, "साहेब, मी बी बंद पडलेल्या लाइनीवरचा आन् ही बी. आमचं दोघांचं बरं जमतं."

गेल्या वर्षी ठरलं, की रस्ता झालाय, आता बसेस येणार, लाइन खलास. तारीख मात्र पुढेच सरकत राहिली. आधी म्हणाले रमजाननंतर, मग म्हणाले हजनंतर. नेमका त्यात म्हातारीचा स्टार्टर गेला. स्टार्टर म्हणजे इंजिनला सुरुवातीचा झटका देणारी मोटर. एकदा इंजिन बंद केलं की पुन्हा चालू करायला अर्धा दिवस झटापट, म्हणून ते बंदच करायचं नाही असं ठरलं. रात्रंदिवस चालूच. पण चालू इंजिनाजवळ माणूस हवा, तो नियम. एरवी तिघं पाळीने बसत. शुक्रवारची सुट्टी कोण सोडणार? तात्या म्हणाले, "मी बसतो की. मला कुठं नमाजाला जायचंय?" सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सर्वांत मोठा मी टाकला. कारण नव्या स्टार्टरची मागणी तीनदा माझ्याच टेबलावर आली होती आणि तिन्ही वेळा मी खाली शेरा मारला होता : बंद होणाऱ्या लाइनसाठी नवीन सुटे भाग नकोत. मॅनेजर तोंडी बोलला होता, "मरणाऱ्या लाइनवर कसला खर्च करताय?" बोलला तो, पण सही माझी. नाशिकच्या इंजिनिअरची, झोकदार.

तिसऱ्या वेळी तात्या स्वतः ऑफिसात आले. बसा म्हटलं तरी उभेच. "साहेब, हल्ली जरा धाप लागती. शुक्रवारी आडवं व्हावं म्हणतो. स्टार्टर आला तर म्हातारीला बी झोपवीन आन् मी बी झोपीन." मी काय म्हणालो? "तात्या, महिनाभर कळ काढा हो. तुमच्याशिवाय तिला सांभाळणार कोण?" आणि ते चक्क खूश झाले! हसत, मान डोलवत गेले. त्या हसण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. आपल्या माणसांची ही जुनी खोड आहे. 'तुमच्याशिवाय चालत नाही' एवढं म्हटलं की अंगात ताप असला तरी उठून कामाला जुंपणार, आणि वरिष्ठांना ती बरोब्बर ठाऊक असते. मलाही होती. अहो तात्या, एकदा तरी टेबलावर हात आपटायचा! साहेब गेला खड्ड्यात म्हणायचं, इंजिन बंद करायचं आणि खोलीवर जाऊन ताणून द्यायची. शनिवारी गाडी निघाली नसती. कामगार अर्धा दिवस उशिरा पोचले असते. आभाळ कोसळणार होतं का?

ते गेल्यावर कंपनीची मेल आली. तिच्यात निष्ठा हा शब्द दोनदा. कॅम्पातले लोक म्हणाले, काम करता करता गेला, भाग्यवान माणूस. भाग्यवान कसला डोंबलाचा! एकटा गेला, घोटभर पाणी द्यायला कुणी नव्हतं. आणि आता पुढचं ऐका. शेडमध्ये शुक्रवारी बसायला कुणीच तयार होईना, अन्वरसुद्धा नाही. मग मॅनेजरने फोन फिरवला आणि तीन दिवसांत नवा स्टार्टर हजर. दमामच्या एका दुकानात पडूनच होता म्हणे. बसवला, आणि म्हातारी एका झटक्यात चालू झाली. "यल्ला, चलो," म्हणत सगळे कामाला लागले. मी शेडच्या मागे गेलो आणि पत्र्यावर लाथा घातल्या, पाय सुजेपर्यंत. तात्यांना नाही, तात्यांच्या रिकाम्या खुर्चीला मिळाला तो स्टार्टर.

इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना, शिक्के, परवानग्या यांतून पार पडून तात्या गावी पोचले तेव्हा सोळा दिवस झाले होते. नंतर मी वहिनींना फोन केला. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, शुक्रवारी फोन करायचे तवा मागं इंजिन वाजत असायचं. मी म्हणायची, आज तरी सुट्टी घ्या की. तर म्हणायचे, माझ्यावाचून चालत न्हाय इथं. खरं होतं का हो ते?"

मी म्हणालो, "अगदी खरं, वहिनी."

"मग बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या 'मग बरं'ने माझी झोप उडवलीय. पेपरची ही पुरवणी बार्शीला जाते, त्यांच्या घरी कुणी ना कुणी वाचून दाखवेलच, म्हणून इथेच सांगतो. आता दर शुक्रवारी शेड शांत असते. म्हातारी झोपलेली असते, तात्यांना हवी होती तशी. माझ्या खिडकीतून काहीही ऐकू येत नाही, आणि ते मी दिवसभर ऐकत बसतो. वहिनी, मी खोटं बोललो. त्यांच्यावाचून चाललं असतं. फक्त एक सही लागली असती, आणि ती माझी होती.