वर राहिलेला हात

साळवे सर भुताच्या गोष्टी भर दुपारी सांगायचे. आम्हा दहावीच्या पोरापोरींना लिंबाखाली बसवायचे आणि म्हणायचे, “अंधारात काय, मांजरबी भेव दाखवतंय. उन्हात काटा आला तर गोष्ट खरी!” आणि यायचा हो काटा, चांगला सरसरून यायचा.

पालमजवळच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवत. उंच, सावळे, शर्ट कायम इस्त्रीचा. कुणी मुंज्याची गोष्ट मागितली की हसायचे. “मुंज्याला हक्काचा पिंपळ हाय. आमच्या वस्तीतल्या भुतानं कुठं बसावं, ते सांगा आधी.” आम्ही पण खिदळायचो. त्यात हसण्यासारखं काय नव्हतं, ते कळायची अक्कल कुणाला होती!

विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा सरांचं गावाकडचं घर जाळलं गेलं. त्याबद्दल ते वर्गात अवाक्षर बोलले नाहीत. पुढच्या साली शाळेच्या हस्तलिखितासाठी त्यांनी एक गोष्ट दिली. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळं हस्तलिखित मीच उतरवत होते.

गोष्टीत एक तहानलेलं भूत दारोदार पाणी मागतं. एक बाई त्याच्या ओंजळीत वरून तांब्या ओतते. धार ओंजळीपर्यंत पोचतच नाही. तांब्या रिता होतो, रांजण रिता होतो, विहीर आटते. बाईचा हात मात्र वरच राहतो. काही केल्या खाली येत नाही. गोष्ट तिथंच थांबलेली. खाली अर्धं पान कोरं.

“सर, मग हात खाली कसा येतो?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक, उषा? ज्याचा वर ऱ्हायला त्यानं सांगावं.”

आमचे आबा गावचे पाटील आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. ते पान फाडा, असा त्यांनी निरोप धाडला. सर रविवारी सकाळी स्वतःच आमच्या घरी आले आणि ओसरीच्या कडेला टेकले.

“आबासाहेब, गोष्टीत कुणाचं नाव न्हाई.”

“नाव कशाला लागतंय, मास्तर? गावाला कळतंय की. पान ऱ्हाणार न्हाई,” आबा म्हणाले आणि मला हाक मारली, “उषे, मास्तरला पाणी दे.”

मी तांब्या घेऊन धावत आले. सरांपुढे उभी राहिले आणि माझा हात वर गेला. आमच्या दारात आई असंच ओतायची, आजी असंच ओतायची. सरांनी ओंजळ धरली नाही. ते नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले.

“हात दुखंल की गं,” अगदी हळू म्हणाले.

लख्ख ऊन पडलं होतं, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ती गोष्ट मी वळणदार अक्षरात उतरवली होती, आणि ती बाई दुसरीच कुणी आहे असं समजत होते! आबा बघत होते. मी हात खाली घेतला आणि तांब्या सरांच्या हातात दिला. ते तोंड लावून गटागटा प्यायले.

ते गेल्यावर मी दप्तरातून हस्तलिखित काढलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, ‘तिनं तांब्या त्याच्या हातात दिला, तेव्हा हात खाली आला.’ सरांच्या नावाखाली माझं नाव घातलं, आडनावासकट, आणि वही आबांपुढे ठेवली. “फाडायचं तर तुमीच फाडा,” मी म्हणाले. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग वही मिटून म्हणाले, “जेवायला वाढ.” पान राहिलं.

पुढं सरांची गंगाखेडला बदली झाली. नामांतराचा निकाल लागायच्या आदल्या वर्षी ते वारले. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यांच्या घरी भेटायला गेले, तर सरांच्या बायकोनं, काकूंनी, सतरंजी टाकली, विचारपूस केली, पण पाण्याचं नाव नाही. पाटलाच्या लेकीला आपल्या घरचं पाणी कसं विचारावं, म्हणून अवघडून उभ्या होत्या.

“काकू, तहान लागलीय,” मी म्हणाले.

त्यांनी तांब्या भरून आणला आणि माझ्याकडे बघत दाराशीच थांबल्या. मी उठले आणि दोन्ही हात पुढं केले.