पाळीतून गढूळ पाणी आलं तेव्हा

लग्न होऊन मी मांजरसुंब्याच्या अलीकडच्या त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावाच्या वरच्या अंगाला जुनं तळं होतं. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये मातीची उंच पाळ, आणि तिथून दगडी नहरीनं कसब्याला जाणारं पिण्याचं पाणी. ती पाळ राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या माझ्या सासरच्या घरात होतं. पाळीवरची बाभळीची रोपं उपटायची, घुशींची बिळं बुजवायची, पावसानं पडलेल्या घळी भरायच्या.

पायथ्याला एका ठिकाणी पाणी पाझरायचं. सासऱ्यांनी, मामंजींनी, पहिल्याच आठवड्यात मला तिथं नेलं. म्हणाले, "हे निर्मळ हाय तवर भ्यायचं न्हाई. रंग बदलला की हातातलं काम टाकून मला सांगायचं."

झालं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. भाकरी थापताना वाटायचं, आत्ता बदलला असेल. पीठभरल्या हातांनीच मी पळायची आणि ओंजळीत पाणी धरून बघायची. घरधनी हसायचे.

पुढं एका भाद्रपदात तळं काठोकाठ भरलं. मग पाऊस उघडला, लख्ख ऊन पडलं. सांडव्याची भिंत ढासळली होती, म्हणून घरधनी गवंडी मागायला बीडला गेले होते. त्या सकाळी मी ओंजळ भरली, तर पाणी ताकासारखं.

मामंजींचे गुडघे धरले होते, तरी ते काठी टेकत आले. गाळ चिमटीत घेऊन चोळत राहिले. "पाळीच्या पोटातली माती हाय ही," ते म्हणाले. "पानी आतून वाट करतंय. तळं खाली करावं लागंल."

पाळीच्या बुडातली मोरी उघडली की पाणी ओढ्यानं सुटणार आणि काठची कापणीला आलेली बाजरी जाणार. त्यात सगळ्यात मोठं रान पाटलांचं. पाटील आले ते तापूनच.

"कावून एवढी घाई? पोरगं बीडहून येऊ द्या. बायकांच्या डोळ्याला काय बी दिसतं."

मी मामंजींच्या मागं पदर ओढून उभी होते. गड्यांपुढं कधी बोलले नव्हते. पण तोंडून निघून गेलं, "तुमी सोता बघा, पाटील. तवर मी लेकरं माळावर नेते."

उत्तराला थांबलेच नाही. घरोघर गेले. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. एक सासू ओल्या बाळंतिणीला उठवू देईना. मी बाळच उचलून चालू लागले, तेव्हा दोघी मागून आल्या.

माळावरून सगळं दिसत होतं. गड्यांनी पाझरावर आधी वाळू टाकली, मग खडी, वर दगड. पाणी येऊ द्यायचं, पण माती अडवायची. मात्र मोरीच्या तोंडातला लाकडी दट्टा फुगून बसला होता, कुणालाच हलेना. मी एका जागी उभी राहू शकत नव्हते. बाळ घेऊन नुसती येरझारा घालत होते. तेवढ्यात कुणीतरी पटका सोडून मोरीच्या पायऱ्यांवरून छातीभर पाण्यात उतरलं. पाटील होते. पहार लावून त्यांनीच दट्टा उचलला. पाणी गर्जत सुटलं आणि पहिली आडवी झाली ती त्यांचीच बाजरी.

दुसऱ्या दिवशी घरधनी आले, ते रिकामं तळं बघून पाळीवरच थांबले. "एवढं सोडलंत? उन्हाळ्यात लोक काय पितील?" चिखल वाळल्यावर त्यांनी पाळ आतून उकरली. जुन्या बाभळीचं मूळ कुजून पोकळ झालं होतं. त्यात त्यांचा हात खांद्यापर्यंत गेला. मग चिकणमाती घालून, वर बैल फिरवून ती जागा पक्की केली.

उन्हाळ्यात कसब्याची नहर लवकर आटली. मी मामंजींना विचारलं, "पाळ खरंच फुटली असती का हो?"

"कुनाला ठाव," ते म्हणाले.

एक दिवस कसब्यातली एक बाई रिकामी घागर घेऊन दारात उभी राहिली. "पानी सोडायला लावनारी ती तूच का गं?" मी हो म्हटलं आणि आमच्या आडाचं पाणी शेंदून तिच्या घागरीत ओतू लागले. ती बोलत राहिली, मी शेंदत राहिले.