पांढऱ्या साडीतली नवरी

मी जिवंत असताना, भरल्या हॉलमध्ये, माईकवरून माझ्या बायकोला विधवा ठरवलं होतं.

आज सुमनला जाऊन वर्ष झालं. तिच्याबद्दल काहीतरी चांगलं लिहावं म्हणून बसलो होतो. पण सकाळी एक फोटो बघितला आणि शिसारी आली. ते आधी लिहितो, नाहीतर बीपी वाढेल. मी सातवी शिकलेला माणूस, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची वैशाली इंदिरानगरकडच्या एका खासगी संस्थेत फॅशन डिझाइन शिकत होती. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट.

मला पहिल्यापासून धास्ती. हे शिकून पोरगी पुढं करणार काय?

सुमन म्हणायची, "तुम्ही गप बसा. तुमच्या काळजीनं आजवर कुणाचं भलं झालंय?"

शेवटच्या वर्षाला त्यांचा शो असायचा. आपण डिझाइन केलेले ड्रेस आपणच शिवायचे आणि मैत्रिणींना घालून स्टेजवर चालवायचं. त्यांच्या सरांनी सांगितलं होतं, "घरातून काहीतरी शोधा. ओरिजिनल पाहिजे."

वैशालीनं घरातून शोधलं. आमच्या लग्नाचा फोटो.

सायखेड्याला झालेलं लग्न. मी पांढऱ्या सदऱ्यात, सुमन पांढऱ्या साडीत. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरं नेसते.

वैशालीनं तो फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि भोवती पांढऱ्या कापडाचे तुकडे लावले. मलमल, खादी, सिल्क.

"पप्पा, बघा ना, प्रत्येक पांढरा वेगळा आहे."

मला सगळे सारखेच दिसले. सुमन मात्र बोट ठेवून सांगायला लागली, "हा सायीचा. हा तांदळाचा. आणि हा आपल्या भिंतीचा, पोपडे आलेल्या."

मग चित्रं काढणं. मग स्वस्त मांजरपाटावर कच्चं शिवून बघणं, उसवणं, परत शिवणं. घरात पुतळा कुठला? सुमनच पुतळा. भाकरी थापतानाही तिच्या अंगावर टाचण्या.

"अगं टोचतंय की गं, मेले!"

"आई, हलू नको."

शेवटचा पोशाख नवरीचा होता. साडीच, पण शिवलेली. मागं लांब पदर.

सर बघून म्हणाले, "व्हाइट? ब्राइड म्हणजे रेड. ऑडियन्सला कळणार नाही. डाय कर."

वैशाली म्हणाली, "सर, आमच्यात नवरी अशीच असते."

सर हसले. "तुमच्यात असेल."

ते 'तुमच्यात' मला आजही गिळवत नाही.

तिनं रंगवलं नाही.

शोच्या दिवशी दुपारी तालीम होती, आम्ही दोघंही मदतीला गेलो होतो. जी मैत्रीण स्टेजवर नवरी होणार होती, तिची आई द्वारका चौकातून रिक्षा करून आली. पोरीला त्या पोशाखात बघून ओरडलीच, "लग्नाच्या पोरीला पांढरं नेसवता? काही शुभ-अशुभ आहे की नाही?"

कपडे बदलायला लावून ओढत घेऊन गेली.

सर म्हणाले, "लास्ट ड्रेस कॅन्सल."

वैशाली खुर्चीवर बसून रडायला लागली. मी म्हणालो, "राहू दे बाळा. सर चिडले तर मार्क जातील."

सुमन म्हणाली, "दे इकडं. माझ्याच अंगावर बेतलंय ना? मीच घालते."

मैत्रिणीच्या मापाला आत घेतलेली शिवण वैशालीनं तिथंच उसवली. पोशाख सुमनला बरोबर बसला. सर खांदे उडवून निघून गेले. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कसलं?

संध्याकाळी हॉल भरलेला. मी तिसऱ्या रांगेत. सुमन स्टेजवर आली, हळूहळू, पदर सांभाळत.

आणि बासरी सुरू झाली. रडकी. दिवे निळे केले. माईकवरची बाई म्हणाली, "आणि आता, एका विधवेचं मौन..."

वैशालीला न विचारता सरांनी गाणं, दिवे, निवेदन सगळंच बदललं होतं.

लोक चुकचुकले. शेजारची बाई रुमाल काढायला लागली.

सुमन मध्येच थांबली. ती अंगणवाडी सेविका. खोलीभर पोरांना गप्प करणारा आवाज तिचा. माईक लागतोय कशाला?

"ओ ताई! कोण विधवा? माझा नवरा जिता हाय. तिसऱ्या रांगेत बसलाय. अहो, उठा की!"

मी उठलो. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता.

"हा नवरीचा पोशाख हाय. आमच्यात नवरी पांढरं नेसते. माझ्या पोरीनं शिवलाय. आता ती पिपाणी बंद करा."

आधी हशा, मग टाळ्या. आतून वैशालीच्या मैत्रिणी शिट्ट्या मारायला लागल्या. सुमन टोकापर्यंत चालत गेली, वळली, आणि माझ्याकडं बघून हसली. लग्नात लाजेनं मान वर केली नव्हती तिनं.

शो संपल्यावर सर आले. मला वाटलं, माफी मागतील.

"काकू, ब्रिलियंट! काय गिमिक केलंत! आधी सांगायचं ना, लाइट मारला असता."

गिमिक.

या लोकांना घरातलं पाहिजे, पण घरातल्या माणसानं सांगितलेलं ऐकायचं नाही. पोरीनं महिनोन्‌महिने बोटं टोचून घेऊन केलेलं काम यांना तमाशा वाटला. किळस येते मला, अजून येते.

आणि आज सकाळी त्या संस्थेच्या पानावर सुमनचा त्या शोमधला फोटो. 'आमच्या जुन्या शोमधलं अविस्मरणीय कलेक्शन : वैधव्य.' खाली बदाम, रडके चेहरे, 'सो डीप'. वैशालीचं नाव कुठंच नाही.

वैशालीनं खाली लिहिलं, ही माझी आई आहे, हा नवरीचा पोशाख आहे. तासाभरात त्यांनी ते काढून टाकलं.

तिला फोन केला तर म्हणाली, "जाऊ द्या पप्पा. त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं."

नाही जाऊ देणार. सुमन एक दिवसही विधवा झाली नाही. मागं मी राहिलोय.

म्हणून तोच फोटो इथं टाकतोय. बरोबर चढला का, कुणीतरी कळवा.

फोटोत : सुमन, नवरी.
पोशाख : वैशाली, तिची मुलगी.

जयभीम, सुमन.